शिळं पाणी

आमच्या गल्लीत नळ यायच्या दिवशी लोक आधी पाणी फेकून देतात. आठवडाभर भाजी धुतलेलं झाडाला, कपडे धुतलेलं संडासात असं जपायचं, आणि नळ येणार म्हटलं की ड्रम, हंडे सगळं नालीत पालथं. का, तर ते शिळं. आमची आई या कामात सगळ्यांच्या पुढे.

धाकटी बहीण तीर्थपुरीहून बाळंतपणाला माहेरी आली तेव्हाही हेच झालं. बाळंतीण आणि बाळ, दोघांना रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, हा आईचा नेम. सकाळी मोबाइलवर पाणीपुरवठा ऑफिसचा मेसेज आला, आज पाणी सुटणार. आईनं लगेच न्हाणीतला ड्रम आडवा केला. मी हात धरला तर म्हणाली, "बाळंतिणीला शिळ्या पाण्यानं न्हाऊ घालतेत का कुठं?"

नळातून नुसती हवा आली. शेजारी मागावं तर त्यांचेही ड्रम पालथे. ऑफिसात फोन केला तर तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, आमच्याकडून पाणी सुटलंय.

सुटलं होतं खरंच. कॅन घेऊन स्कूटीवर निघाले तर चौकाच्या पुढं पाइप फुटलेला आणि पाणी रस्ताभर. एक ट्रकवाला निवांत चाकं धूत होता. आमच्या तोंडचं पाणी त्याच्या टायरवर. ऑफिसचा कर्मचारी बाजूला उभा होता. व्हॉल्व्ह बंद का करत नाही विचारलं तर साहेबाचा फोन यायचाय म्हणाला. मी खड्ड्याशी वाकून कॅन भरू लागले, थोडं सांडलं. तर हा मलाच म्हणतो, "ताई, सांडू नका. पाणी वाया जाऊन राह्यलं."

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले. तो मोबाइलकडे बघत राहिला.

ते गढूळ पाणी फडक्यानं गाळून, उकळून आईनं बहिणीच्या अंगावर घातलं. बाळाला मात्र पिण्याच्या माठातल्या पाण्यानं नुसतं पुसलं. बहीण हळूच म्हणाली, "आई, कालचंच बरं होतं."

पुढच्या खेपेला मेसेज आला. गल्लीत ड्रम ओतल्याचे आवाज सुरू झाले. आई मात्र ड्रमच्या झाकणावर जाऊन बसली. "आधी नळाला पाणी दिसू दे, मंग बघू," म्हणाली.

त्या दिवशीही पाणी आलं नाही. आईनं ड्रमातलं शिळं पाणी तापवलं आणि नातवाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. बहीण म्हणाली, आई शहाणी झाली. मला तर संताप आला. लेकीच्या बाळाला ताज्या पाण्यानं न्हाऊ घालावं, एवढीच तिची हौस होती. तीही या ऑफिसवाल्यांनी तिला पुरवू दिली नाही.