काठी यादीत नव्हती

तीन माणसं आणि एक तंबू असला की किस्से शोधावे लागत नाहीत, बुटाच्या चिखलाबरोबर आपोआप घरी येतात. आम्ही तिघं जालना एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या प्लांटमधले: मी, मशीनवरचा काशिनाथ आणि लॅबचे गायकवाड साहेब. तंबू ट्रेकिंग पोलचा. त्याला स्वतःचा खांब नसतो. चालताना हातात असते तीच काठी आत उभी करायची!

* * *

पहिल्यांदा तो लावला काशिनाथच्या गावी, मंठ्याजवळच्या माळावर. आम्ही आधी काठी उभी केली आणि मग खुंट्या ठोकायला धावलो. तंबू तीनदा बसला! काशिनाथचे वडील, तात्या, तिथंच मेंढरं चारत होते.

"आधी चार कोपरे ताणा, मंग काठी घाला. एवढं बी कळंना व्हय?"

चौथ्यांदा तंबू ताठ उभा राहिला. निघताना तात्या म्हणाले, "मला बी न्या की एकदा. असल्या तंबूत न्हाई बसलो कधी."

"पुढच्या खेपेला नक्की, तात्या!" हे मीच म्हणालो होतो.

* * *

गायकवाड साहेब तंबूची घडी इस्त्रीच्या शर्टासारखी घालायचे. मग तो पिशवीत मावायचा नाही. दुसऱ्या खेपेहून परत येताना वडीगोद्रीला चहाला थांबलो, तर साहेब पुन्हा तंबू पसरून बसले! हॉटेलवाला म्हणाला, "साहेब, दुकान लावून राह्यले का?"

काशिनाथनं एका कोपऱ्यापासून मुठीमुठीनं कोंबला. दोन मिनिटांत काम बराबर!

त्या खेपेला तात्यांना नेलं नाही. बाईकवर जागा नव्हती.

* * *

एकदा तर खुंट्याच घरी राहिल्या. दगडांना दोऱ्या बांधून कसंबसं भागवलं. तेव्हापासून साहेबांनी यादी केली: कापड, खुंट्या, दोऱ्या, खाली अंथरायचं प्लास्टिक. काठी लिहिली नाही.

"ती तर हातातच असते!"

त्या खेपेला ऊन फार होतं, म्हणून तात्या राहिले. काशिनाथ सांगायचा, म्हाताऱ्यानं घोंगडी गुंडाळून दारापाशी ठेवलीय. आम्ही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

* * *

यंदा तात्यांचे गुडघे पार गेले. मेंढरं विकावी लागली, अंगणापलीकडे जाणं बंद झालं. मग आम्हाला जाग आली. तंबूच त्यांच्या अंगणात न्यायचा ठरवला.

रविवारी सकाळी साहेबांच्या गाडीनं थेट दारात उतरलो. यादी तपासली, सगळं होतं. तात्यांनी शिकवल्याप्रमाणे आधी चार कोपरे ताणले. आणि तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. चालायचं नव्हतं, म्हणून काठी कुणीच आणली नव्हती!

तात्या बाजेवर बसून बघत होते. घोंगडी शेजारीच होती. मांडीवरची आपली काठी त्यांनी पुढं केली.

"घ्या ही. मला आता कुठं जायचंय?"