धाकलीचा फोटो

संपाला सहा महिने झाले होते. आमचे हे सकाळी गिरणीच्या गेटवर सभेला जात आणि दुपारी येऊन भात टाकत. भात करायला ते संपातच शिकले. मी लालबागला गहू दळायला गेले होते, तेव्हा एका फोटो स्टुडिओच्या दारावर पाटी दिसली: रिटचिंगसाठी बारीक हात पाहिजे. रिटचिंग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण माझ्या लग्नाच्या ट्रंकेत इंटरमिजिएट ड्रॉइंगचं सर्टिफिकेट होतं. पिठाचा डबा घेऊन तशीच आत शिरले.

स्टुडिओवाले खोताच्या वाडीत राहणारे वयस्कर ख्रिश्चन गृहस्थ होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दिवे लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण जवळचं दिसणं कमी झालं होतं. सर्टिफिकेट बघतो म्हणालेच नाहीत. अंगठ्याच्या नखाएवढा चौकोन आखून म्हणाले, "यात वीस रेघा मारा. एकमेकींना लागता कामा नये."

मी मारल्या. त्यांनी भिंग लावून मोजल्या आणि म्हणाले, "उद्यापासून या, बाई."

खिडकीपाशी एक उतरतं लाकडी मेज होतं, मधोमध काच आणि खाली आरसा. आरशातून उजेड वर यायचा, काचेवर निगेटिव्ह ठेवायची. तिच्यात सगळं उलटं. पांढरे केस काळे, आणि चेहऱ्यावरची सुरकुती पारदर्शक रेघ होऊन चमकायची. सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं ती रेघ भरली की फोटोत सुरकुती नाहीशी. उलट काही काळं आणायचं असेल तर पात्यानं फिल्म हलके खरवडायची. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं परत येत नाही.

"शिकायला एक सुरकुतलेला चेहरा आणा," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या तोंडावर शिकू नका."

असा चेहरा आमच्या घरातच होता. सासूबाई मालवणकडच्या, पासष्टीच्या. पहिल्यांदा उसळल्याच. "माका फोटो नको! फोटो काढलो काय माणूस लवकर जाता." मी म्हटलं, "आई, तुम्ही नाही आलात तर माझं काम जाईल." दुसऱ्या दिवशी माझ्याआधी चपला घालून त्या तयार होत्या.

मास्तरांनी त्यांना स्टुलावर बसवलं, मागे रंगवलेला महाल आणि कारंजं. मोठा दिवा उंचावर, एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पांढरा पडदा. मग दिवा हळूहळू असा सरकवला की सावलीतल्या गालावर डोळ्याखाली एक तिकोनी उजेड पडला. "हा तिकोन सापडला की चेहरा जिवंत होतो," ते मला म्हणाले. सासूबाईंना वाटलं, त्यांच्याबद्दल बोलतायत. "जिवंतच असंय मी," त्या म्हणाल्या. मास्तर इतके हसले की पहिली फिल्म फुकट गेली.

तीन आठवडे मी त्या एका निगेटिव्हवर बसले होते. कपाळाच्या आठ्या भरल्या, डोळ्यांच्या कोपऱ्यातलं जाळं भरलं, ओठांभोवतीच्या चुण्या भरल्या. हाताला चटक लागली. थांबायचं कुठे ते कळलं नाही. मास्तरांनी प्रिंट काढली, भिंग लावून बघितली. "बाई, तुम्ही सासूला इस्त्री केलीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी प्रिंट घरी नेली, म्हटलं निदान हसतील. सासूबाई गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी फोटो उजेडात धरला. सूप मांडीवरून घसरलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"ही मी नाय," त्या म्हणाल्या. "ही आमची धाकली."

धाकली म्हणजे त्यांची बहीण. मला एवढंच माहीत होतं की ती तरुणपणीच गेली आणि तिचा मुलगा नायगावला बीडीडी चाळीत राहतो. हे भावजी आमच्या ह्यांच्यासारखेच संपात होते. आई गेली तेव्हा ते दोन वर्षांचे. तिचा एकही फोटो कुणी काढला नव्हता.

"तिचो पोरगो ल्हान होतो तेव्हा विचारायचो, मावशी, माझी आई कशी दिसायची? मी सांगायचंय, माझ्यासारखी. मगे मी म्हातारी झालंय. तिचा तोंड माका आठवायचा बंद झाला हुता गो." फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. "हनवटेक तीळ व्हयो. आणि गाल भरलेले."

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन त्या स्वतःच मास्तरांपुढे उभ्या राहिल्या. मास्तरांनी सगळं ऐकलं आणि स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं. गिऱ्हाइकं थांबली तर थांबली.

त्या दुपारसारखी मजा मी पुन्हा क्वचित केली. खोबरेल तेलात काजळ कालवून मी सासूबाईंचे पुढचे केस काळे केले, मागचे पदराखाली झाकले. दाढा पडून गाल बसले होते, म्हणून दोन्हीकडे कापसाचे बोळे भरले. त्यांना बोलता येईना, पण बोलायचं तर थांबेना. मास्तरांनी या वेळी दिवा समोर आणला, त्यापुढे मलमल धरली. सावल्या पातळ झाल्या आणि वीसेक वर्षं तिथल्या तिथे उतरली. उरलेली माझ्या पेन्सिलीकडे.

तीळ तेवढा अडला. डावीकडे की उजवीकडे? सासूबाईंना आठवेना. मग त्या उठल्या, मला पुढ्यात बसवलं आणि धाकलीची घालत तशी हवेतच माझी वेणी घालू लागल्या. शेपटा पुढे घेऊन रिबिनीची गाठ मारायला त्या वाकल्या आणि थांबल्या. "हय. गाठ मारताना दिसायचो. तिच्या उजव्या हाताक."

पातं हातात घेतलं आणि अडले. खरवडायच्या बाजूनं चेहरा आरशातल्यासारखा दिसतो. मनात तीनदा उजवं-डावं बदललं. शेवटी मास्तरांनी स्वतःच्या हनवटीवर उजवीकडे शाईचा ठिपका दिला आणि त्यांचा चेहरा मला आरशातच दिसेल असा आरसा धरून बसले. तसं बघून मी पातं टेकवलं.

रविवारी भावजी बायकोला घेऊन स्टुडिओत आले. मावशीनं कशाला बोलावलंय ते त्यांना माहीत नव्हतं. सासूबाईंनी कागदातून फोटो काढून त्यांच्या हातात दिला आणि खरं तेच सांगितलं. "तुझी आई. अर्धी मी, अर्धी ती. तीळ मात्र तिचोच."

भावजींनी फोटो जवळ घेतला, लांब धरला. "मावशी, ही किती वर्षांची असेल?"

"चोवीस."

"मी चाळीसचा." आणि ते हसायला लागले. "वहिनी, बघताय ना? आई माझ्यापेक्षा लहान आहे!" बायकोनं फोटो त्यांच्या गालाशी धरून नाक जुळतंय का पाहिलं, आणि जुळलं. सासूबाई रडत होत्या. मास्तर दिव्याच्या वायरी गुंडाळायचं निमित्त करून पडद्यामागे गेले, मग चहा आणि भजी मागवली. निघताना भावजी मास्तरांच्या पाया पडायला वाकले, तर मास्तर म्हणाले, "सूनबाईंच्या हाताला पडा."

पुढच्या आठवड्यात नायगावहून चौघं आले. कुणाला वडील हवे होते, कुणाला आजी. "आमच्याकडे सासूबाई एकच आहेत," मास्तर म्हणाले. "तुमचे चेहरे तुम्हीच आणा." आणि लोकांनी आणले. कुणी काका आणले, कुणी मावशी. संप कधी संपला ते कुणाला नीट सांगता येत नाही, ह्यांची गिरणी पुन्हा उघडली नाही, पण माझं मेज अकरा वर्षं रिकामं राहिलं नाही.

एका वडाळ्याच्या माणसानं तर आपली बारा वर्षांची मुलगी आणली. त्याची म्हातारी आई तिच्यासारखी दिसायची म्हणे. म्हणजे आता सुरकुत्या काढायच्या, पण पुसायच्या नाहीत, नव्यानं उमटवायच्या. कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. घरी येऊन सासूबाईंना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, तोंड उजेडाकडे केलं आणि बोट डोळ्याच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"पयली हय पडता," त्या म्हणाल्या. "हसान हसान. लिवन घे."