बोट बघा आधी

कुणाच्याही घरी गेल्या की मावशी आधी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवायच्या, वर धरायच्या आणि म्हणायच्या, "बोट बघा आधी." चहा मग. तुमच्याही गल्लीत असेल बघा असं एखादं माणूस, ज्याला येताना बघून सुना फडकं शोधतात!

आम्ही नगरला, कारखान्यांच्या कडेला राहतो. शेजारच्या भाड्याच्या एका खोलीत तेव्हा मावशी, मुलगा, सून आणि नातू. उन्हाळाभर मावशी ऑर्डरीच्या कुरडया घालायच्या.

माझ्या पुतणीसाठी मावशींना घेऊन स्थळ बघायला गेलो, तर तिथंही बोट! परतताना रिक्षात म्हणतात कशा, "पोरगा गुणाचा हाय, पर खिडकी लई काळी. पोरीनं श्वास कुठं घ्यायचा?" मी हसून हसून आडवी.

त्या कुरडयांवरच त्यांनी दोन गुंठे जागा घेतली होती, ओतकामाच्या कारखान्यामागं. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांची तिथंच. आणि शहराच्या नव्या आराखड्यात ती सगळी हिरव्या पट्ट्यात गेली. धूर वस्तीत येऊ नये म्हणून तिथं नुसती झाडं, घर बांधायचं नाही. मोबदला मिळेल तेव्हा मिळेल.

गल्ली पेटली, सगळ्यांनी हरकती नोंदवल्या. "मावशी, सुनावणीत तुम्हीच बोला. तुमचं ऐकतील."

आदल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "आपल्या जागेत एकदा तरी वाळवण घालू दे." पांढरं धोतर अंथरलं, हौसेनं कुरडया घातल्या. संध्याकाळी गोळा करताना एक कुरडई त्यांनी पिशवीत वेगळी ठेवली.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, "बोला आजी, काय हरकत आहे?"

मावशींनी पिशवीतून कुरडई काढून टेबलावर ठेवली. "कालच घातली, माज्याच जागेत. बोट बघा आधी."

साहेबांनी खरंच बोट फिरवलं. काळं!

"ह्यात नातू न्हाई वाढवायचा मला. झाडं लावा. माजी हरकत न्हाई."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग राहणार कुठं?"

"हाय की खोली. हिच्या शेजारी," माझ्याकडे हात करून म्हणाल्या. अहो, मी नळावरच्या भांडणातसुद्धा कधी मागं सरले नाही, आणि ही बाई अख्खं घर सोडून शांत उभी!

गल्ली कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. झाडं मात्र वाढली. मावशी शेवटी त्या भाड्याच्या खोलीतच वारल्या.

परवा मी गच्चीवर कुरडया घातल्या. संध्याकाळी बोट फिरवलं, पांढरंशुभ्र पीठ तेवढं लागलं. तशीच उठून पट्ट्यात गेले. मावशींच्या जागेवर करंज उभा आहे, आमच्या गच्चीपेक्षा उंच. खालच्या पानावरून बोट फिरवलं. काळं झालं.

ते बोट वर धरून मी तिथंच उभी राहिले.