माइकवरचा हात

ऑफिसात सगळे त्याला कात्री म्हणतात. मी दादा म्हणते, तो मला पंडिता. आमची छोटी कंपनी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. आम्ही वाचतो, आमच्या चुका, धापा, पोटातली गुरगुर तो कापून टाकतो. वय चाळीस. लग्न नाही. घरी आई. तिची फुप्फुसं अर्धीही चालत नाहीत. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन असतं, त्याच्या बाटलीत रोज पाणी भरावं लागतं. तिला साधा फ्लूसुद्धा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

म्हणून त्याचे कायदे. माइकची स्पंजाची टोपी प्रत्येकाची वेगळी. शुक्रवारी तो त्या धुऊन दोरीवर चिमट्यांनी टांगतो. घसा खवखवला तर आधी सांगायचं. मग सुट्टी, आणि दार उघडं टाकून खोली तासभर रिकामी. बाकीचे म्हणतात, "अरे, दवाखान्यात लाग नोकरीला!"

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे काचेची डबी. खिडकी नाही. आवाज नको म्हणून पंखाही बंद.

त्या मंगळवारी माझा घसा खवखवत होता. शेवटचे दोन धडे उरले होते. सांगितलं असतं तर पुस्तक दुसऱ्याकडे गेलं असतं. मी सांगितलं नाही. मध्येच खोकला आला. मी हात तोंडावर नाही, माइकवर ठेवला. पाच मिनिटांनी तो आत आला, माझ्या तोंडाजवळ वाकून माइक सरळ केला आणि म्हणाला, "हं पंडिता, चालू दे."

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. सोमवारी परतले तर ऑफिस रिकामं. मालकांनी सगळ्यांना घरून काम दिलं होतं. मला त्याचं अर्धवट काम उरकायला बोलावलं होतं. तो काचेच्या खोलीत राहत होता. खाली सतरंजी, उशाला जॅकेट. मंगळवारपासून घरी गेलाच नव्हता. शुक्रवारी त्यालाही ताप आला. आईला सांगितलं होतं, काम तुंबलंय. शेजारच्या काकू तिचं बघत होत्या.

मी त्याच्या खुर्चीत बसले. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तो. बोलायचं ते माइकवरून. कॉम्प्युटरवर एक फोल्डर होतं: खोकले. तारखांसकट, नावांसकट. शेवटचा माझा. एक्केचाळिसावं मिनिट. मी तो लावला. तळहाताखाली दबलेला.

"सापडला?" तो म्हणाला.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"संध्याकाळी, कापताना. तोवर मी वाकून आलो होतो."

"मग मला बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर काय, परत गिळला असतास?"

रोज संध्याकाळी तो आईला स्पीकरवर फोन करायचा. बोलणं निमित्ताला. तो तिचा श्वास ऐकायचा.

"कुठे तोंड काळं केलंयस?" ती म्हणायची. "सून सापडली की काय?"

या मंगळवारी तिच्या मागे कुणीतरी खोकलं. तो ताडकन उठून बसला.

"आई, ते कोण?"

"काकू. भांडी घासतायत."

"त्यांना घरी पाठव. आत्ता. आणि खिडकी उघड."

फोन ठेवून तो दाराशी आला. कडीला हात लावला, काढून घेतला. अंगात ताप होता. कपाळ काचेला टेकून उभा राहिला. आईकडे पाठवायला बहीण नाही, भाऊ नाही.

"दादा, मला फ्लू होऊन गेलाय," मी म्हणाले. "मी जाते."

हात धुतले, मास्क लावला, वाटेत जेवणाचा डबा घेतला. चार जिने चढले. शेवटच्या पायरीवर घसा खवखवला. धाप असेल. उरलासुरला खोकला असेल. दारामागे मशीन घुरघुरत होतं. मी त्याला फोन लावला.

"दादा, ऐक." मी कोपरात तोंड खुपसून खोकले.

"परत."

परत खोकले.

तो ऐकत होता. कापायचं की ठेवायचं हे ठरवताना ऐकतो तसा.

"आत जाऊ नकोस. डबा उंबऱ्यावर ठेव. बेल वाजव आणि मागे हो."

मी सहा पायऱ्या खाली उतरले. दार उघडलं. नाकात नळी, एक हात भिंतीला.

"कोण गं तू? आणि तिथे काय उभी? आत ये."

"नको मावशी. इथेच बरी आहे."

"मग मशीनमधलं पाणी कोण भरणार? काकूंना तर त्याने हाकललं."

मी फोन स्पीकरवर टाकून वर धरला.

"तूच भर आई," तो म्हणाला. "हळूहळू. मी ऐकतोय."

ती भिंत धरत आत गेली. मी पायरीवर बसले. हात खाली घेतला नाही.