बटणावरचा टॉवेल

सिद्रामअण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आधी हसलो. कोण कोण रडतं ते बघायला अण्णांनी मागे स्वतःच अशी बातमी उठवली होती! यावेळी मात्र निरोप सांगताना त्यांच्या पुतण्याला, बसवराजला, रडू फुटलं...

अण्णा यंत्रमागांचे स्विच बनवत. त्यातला एक त्यांचा फार लाडका. बटणावरच काचेची खिडकी; माग चालू तर हिरवी पट्टी, बंद तर लाल, आणि तुटलेला धागा जोडायला कारागिराचा हात आत असेल तर पिवळी. सोलापुरात नव्या पेठेच्या ऐन गर्दीत मला थांबवून ते खिशातून नमुना काढत. "मास्तर, आता बटणच बोलतंय की!" पेटंटसाठी अर्ज केला आणि ते मिळण्याआधीच त्यांनी 'पेटंटधारक' अशी पाटी रंगवून ठेवली होती.

तेवढ्यात मुंबईच्या एका कंपनीनं तसल्याच बटणावर हक्क सांगितला. तो मंजूर झाला असता, तर सोलापुरात ते बनवायला कंपनीची परवानगी लागली असती. अण्णांनी हरकत घेतली. सुनावणीला मीही सोबत गेलो. यंत्राची स्थिती बटणावरच दाखवायची कल्पना जगात प्रथम आमचीच, असं कंपनीच्या वकिलांनी ठणकावलं. अधिकाऱ्यांनी अण्णांना विचारलं, "मग याआधी कारागीर काय करत होते?"

आमचे वकील कुजबुजले, "अण्णा, जपून. पेटंट नव्या कल्पनेलाच मिळतं; जुनं काही सांगितलंत तर त्यांच्याबरोबर आपलाही हक्क जाईल."

अण्णांनी खिशातला नमुना चाचपला. पाटी आठवली असणार... मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि टेबलावरच्या कंपनीच्या बटणावर टाकला.

"हे करत्यात, साहेब. माझा बापबी हेच करायचा. बटणावर टॉवेल म्हंजे हात आत हाय. ज्यानं टाकला त्यानंच काढायचा. मी त्याला नुसती काच बसवली."

आणि गंमत बघा, अण्णांनी स्वतः उचलेपर्यंत त्या टॉवेलाला ना वकिलांनी हात लावला, ना अधिकाऱ्यांनी!

दोघांचेही अर्ज फेटाळले गेले. मी हिरमुसलो. अण्णा म्हणाले, "तोंड कशाला पाडताय मास्तर? कंपनीला हरवलं कुणी? सोलापुरी टॉवेलानं!" त्या पाटीचा त्यांनी जेवायचा पाट केला. पुढे गल्लोगल्ली ते बटण बनू लागलं. कुठं चुकलेलं दिसलं की अण्णा आत शिरून, शिव्या देत, नीट करून देत. असा माणूस माझा मित्र होता.

परवा त्यांच्या दुकानात गेलो. बटणं तपासायला कोपऱ्यात ठेवलेल्या मागाच्या बटणावर अण्णांचा टॉवेल तसाच होता, त्यांनी शेवटच्या दिवशी टाकलेला.

"काढ की रे आता," मी म्हणालो.

बसवराजनं मान हलवली. "मी कसा काढू, मास्तर? मी कुटं टाकलाय?"