मी फुंकलेलं एकमेव रणशिंग

मी दिल्लीत एका मराठी दैनिकाचा वार्ताहर होतो आणि माझ्या बातम्यांत दर आठवड्याला कोणी ना कोणी रणशिंग फुंकत असे. निवडणुकीचं, संपाचं, महागाईविरुद्धचं. एकदा तर नगरपालिकेच्या नळदुरुस्तीचंसुद्धा! प्रत्यक्ष रणशिंग मी कधी हातात धरलेलं नव्हतं. (धरलं असतं तर इतक्या लोकांना ते फुंकायला लावलं नसतं.)

लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडाच्या नव्या सोसायटीत गेलो, तेव्हा माझ्या बायकोने, सुलभाने, तिथे गणपती बसवायचं मनावर घेतलं. प्रेसिडेंट भल्लासाहेबांनी मोठ्या मुश्किलीने परवानगी दिली, तीही अटींवर. ढोल नाही, बँड नाही, लाउडस्पीकर नाही. शोर झाला तर पुढच्या वर्षी गणपती नाही. सुलभा सगळ्याला हो म्हणाली. विसर्जनाला एकदाच, तीही हळू, तुतारी वाजवायची सवलत तेवढी तिने पदरात पाडून घेतली. तिच्या भावाने कोल्हापूरहून पितळेची तुतारी आणली, पण वाजवणारा आणला नाही.

"दाजी आहेत की," तो म्हणाला. "पेपरात रोजच फुंकतात."

बिल्कुल एकमताने माझी नेमणूक झाली. सराव करावा तर शोर होणार! म्हणून मी बाथरूममध्ये नुसते गाल फुगवायची प्रॅक्टिस केली. सुलभाने विसर्जनाच्या सकाळी बजावलं, "हे बघ, पुढच्या वर्षीचा गणपती तुझ्या हातात आहे. जरा बेतानं."

संध्याकाळी सगळे पार्किंगमध्ये जमले. त्या काळात सोसायटीत ज्याच्या त्याच्याकडे नवी गाडी आली होती, आणि प्रत्येक गाडीला करोल बागेतून बसवून आणलेला चोर-अलार्म होता, बोट लागलं तरी किंचाळणारा. सर्वांनी हात जोडून डोळे मिटले. मी तुतारी ओठांना लावली आणि फुंकली. फुस्स! पुन्हा फुंकली. शिट्टी न झालेल्या कुकरसारखा एक सुस्कारा निघाला. तिसऱ्यांदा मी सगळा जीव ओतला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मागे, भल्लासाहेबांच्या कोऱ्या गाडीच्या बॉनेटवर, धप्पकन बसलो.

गाडीने टाहो फोडला. मी घाबरून ताडकन उठलो. तुतारी तोंडाला तशीच होती! लोकांनी डोळे उघडले आणि आपापली गाडी सांभाळायला धावले. ज्याने त्याने आपल्या गाडीवर हात ठेवला आणि ती गाडीही बोंबलू लागली. कुठे अँब्युलन्स, कुठे फायर ब्रिगेड, कुठे लहान मूल रडल्यासारखं काहीतरी! घाबरलेल्या भल्लासाहेबांच्या रिमोटचं त्यांची गाडी तेवढी सोडून बाकी सगळ्या गाड्या ऐकत होत्या, आणि त्या गदारोळात बाप्पा शांतपणे हातगाडीवर बसले होते.

गेला गणपती, मला वाटलं. सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

सगळं शांत झाल्यावर भल्लासाहेब घाम पुसत आले. आधी तुतारीकडे, मग भीतीने माझ्याकडे बघत ते सुलभाला म्हणाले, "भाभीजी, अगले साल ढोल लाइए, बैंड लाइए, लाउडस्पीकर भी चलेगा. बस, भाईसाहब को मत फूँकने दीजिएगा."

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिने माझ्या पायावर पाय दिला. त्या वेळी माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो तुतारीतून निघाला असता तर काय हवं होतं!