तांबड्या रंगाखालचा बोल्ट

आडगाव नाक्याच्या पुढे, नाशिक संपलं याची महामार्गाला खात्री पटते त्या वळणावर, लहानू मिस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूने धूळ. ट्रकच्या वायरिंगचं काम तो गेली तीस वर्षं करतो आणि या तीस वर्षांत त्याने एकच नियम पाळला. दोष सापडला की मालकाला गाडीखाली बोलवायचं, त्याचा हात धरून त्या जागेवर ठेवायचा आणि म्हणायचं, "हे बघा, इथं." मालकाचा लेंगा परीटघडीचा असला तरी सुटका नसे. मालक कुरकुरत आडवे होत आणि उठताना निर्धास्त असत. कारण नाक्यावर अशी पक्की समजूत आहे, की ड्रायव्हर आणि मिस्त्री यांची सोयरीक असते आणि हुंडा मालक देतो.

दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी मखमलाबादचे देवराम आण्णा त्याच्या दारात आले. आण्णांचा झेंडूचा आणि टोमॅटोचा मळा, एक ट्रक आणि त्यावर एकोणीस वर्षं जुना ड्रायव्हर, बहिरू. ट्रक सात वर्षांचा होता, म्हणजे बहिरू ट्रकपेक्षा जुना. ही गोष्ट आण्णा अलीकडे जरा वारंवार बोलून दाखवत.

"जागेवर उभी केली की थडथडते," आण्णा म्हणाले. "दिवे तर असे, की काडी ओढून बघावं लागतं लागलेत का. कसाऱ्याच्या घाटात मरायची पाळी आली. गॅरेजवाल्यानं फिल्टर बदलला, अल्टरनेटर बदलला, बॅटरी नवी टाकली. आता म्हणतो, डिझेलात भेसळ हाय."

बहिरू केबिनमध्येच बसून होता. भेसळ या शब्दाला त्याने मान खाली घातली. डिझेल आपोआप भेसळत नाही. कोणीतरी काढतं आणि कोणीतरी रॉकेल ओततं, आणि टाकीची चावी तर त्याच्याकडेच.

"मिस्त्री, तुमी सांगाल ते खरं," आण्णांनी निकाल वाचला. "डिझेल चांगलं निघालं तर बहिरूची गादी त्याला. नाय तर चावी ठेवायची अन् घरी जायचं." आणि ते चहाला समोरच्या टपरीवर गेले.

लहानूने गाडी चालू करायला सांगितली. इंजिन थंडी वाजल्यासारखं कापत होतं. हेडलाइट लावले तर ते आजाऱ्याच्या डोळ्यांसारखे लागले, आणि लागताक्षणी इंजिन आणखी अडखळलं. लहानूने मान हलवली. डिझेल वाईट असतं तर इंजिन रुसलं असतं, पण दिव्यांनी त्याच्याबरोबर रुसायचं कारण नव्हतं. दोघांचं दुखणं एक असेल तर ते डिझेलच्या टाकीत नसतं.

त्याने मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली आणि दुसरी इंजिनच्या लोखंडावर. काटा शून्याशी पडून राहायला हवा होता. तो उठून दोन व्होल्टच्या पुढे गेला. मग त्याने एक जाड केबल घेतली, एक टोक निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनला लावलं. इंजिनचा थरकाप थांबला. दिवे असे उजळले, की समोर बांधलेल्या बकरीने तोंड फिरवलं. केबल काढली, पुन्हा कापरं.

"अर्थिंग," लहानू म्हणाला. बॅटरीतून निघालेला करंट काम करून लोखंडातून परत येतो, आणि इंजिन आणि चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते, ती त्याची परतीची वाट. ती वाट अडली की इंजिनचा कॉम्प्युटरही उपाशी आणि दिवेही.

तो खाली सरपटला. पट्टी जागेवर होती, बोल्टही घट्ट. पण बोल्ट खोलल्यावर पट्टीखाली चकचकीत तांबडा ऑइलपेंट निघाला, दोन हातांचा, नीट घोटलेला.

"बहिरूभाऊ, हा रंग कोणी मारला?"

बहिरू उतरून उकिडवा बसला. "खंडेनवमीला. मीच. दरसाल वरूनच मारतो. औंदा म्हटलं, पट्टीखाली गंज धरतो, ती सोडून नीट मारावा. अन् मग परत आवळली."

"झालं तर. रंगातून करंट जातो व्हय?"

बहिरूने त्या रंगावरून अंगठा फिरवला. "मिस्त्री, एक काम करा. रंगाचं नका सांगू. अल्टरनेटर, बॅटरी, सगळा खर्च माझ्या ब्रशापायी झाला असं व्हईल. आधीच आण्णा म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं चालंना. पट्टी ढिली झालती म्हणा. हादऱ्यानं व्हते की."

"मालक हात लावून बघतील की."

"नका ना लावू देऊ. एक डाव."

लहानूने पॉलिश पेपरने रंग खरवडला, लोखंड पांढरं काढलं, पट्टी आवळली. आण्णा आले. गाडी मांजरासारखी गुरगुरत होती, हेडलाइट भर उन्हात डोळ्यांवर येत होते.

"डिझेल एकदम चांगलं हाय," लहानू म्हणाला. "अर्थिंगची पट्टी ढिली झालती. आवळली."

"बघू, कुठं?" आण्णा धोतर सावरू लागले.

"राहू द्या आण्णा, खाली लय चिखल झालाय."

आण्णा थांबले. या माणसाने त्यांना त्यांच्या पुतणीच्या हळदीला जाताना चिखलात झोपवलं होतं. ते आडवे झाले, आणि उठले तेव्हा त्यांच्या बोटांना ताज्या तांबड्या रंगाची भुकटी होती.

"ढिली झालती?"

लहानूने मग सगळं खरं सांगितलं. ते खरंच होतं, पण आता ते दुसऱ्या खेपेला आलं होतं. आण्णांनी ते शांतपणे ऐकलं.

"रंग चुकून लागला एवढंच असतं तर मी हसलो असतो, मिस्त्री. दोघांनी मिळून झाकलं म्हणजे आजवर काय काय झाकलं असंल, ते मी कुठं शोधू?" ते बहिरूकडे वळले. "डिझेलचंबी आता यांच्या तोंडून ऐकून काय उपयोग?"

"आण्णा, डिझेलला मी हात लावला नाय."

"नसंल लावला," आण्णा म्हणाले, आणि चावीसाठी हात पुढे केला.

बहिरूने चावी दिली. केबिनमधली उशी, टॉवेल आणि पाण्याची बाटली काढून पिशवीत भरली. मग तिघेही उभे राहिले, कारण देवराम आण्णांना ट्रक चालवता येत नव्हता. त्यांनी चावी थोडा वेळ मुठीत फिरवली आणि परत बहिरूच्या हातात दिली.

"घरापर्यंत ने. तिथं दे."

बहिरू चढला, पिशवी मांडीवर घेऊन बसला. आण्णा शेजारी बसले. लहानूला काहीतरी बोलायचं होतं, पण गाडी चालू झाली होती, आणि तिचा आवाज इतका एकसारखा होता, की त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ट्रक महामार्गाला लागला. भर दुपारी त्याचे दोन्ही दिवे जळत होते, आणि आत बसलेल्या दोघांपैकी कोणीच ते बंद केले नाहीत.